छाट

विडी घरकुलात चैत्राची दुपार.
पत्रा तापलेला, पंखा बंद.
वाऱ्यानं काटा हलतो म्हणून मीच केला बंद.
काटा सोनारी, सुभेदार बिराजदारांकडून उसना,
हातप्रेस फळीला बोल्टनं आवळलेली,
परवान्याची झेरॉक्स भिंतीवर, व्यंकटेशाच्या कॅलेंडरशेजारी.
कलेक्टर कचेरीत अकरा खेपा घातल्या त्या कागदासाठी.

समोर दहा पुंगळ्या.
गेल्या रविवारी रेंजवर मीच झाडलेल्या,
कुसळांतून गुडघ्यांवर रांगत मीच वेचलेल्या,
आणि अम्मानं चिंचेनं घासलेल्या.
"पितळच की," म्हणाली,
कशाचं ते विचारलं नाही.

आज विचारते.
"काय करायलीस, सुगुणा?"
"दारू भरायले."
शेजारची नरसूबाई दारातून लगेच आत वाकली.
दोघींनी मिळून तिला समजावलं,
पिण्याची नव्हे.

अम्मा पलीकडच्या भिंतीला सूप घेऊन बसली.
पान कातर, चिमूट भर, वळ, तोंड दुमड, दोरा.
माझं तसंच काहीसं:
टोपी बसव, दारू तोल, ओत, गोळी ठेव, दांडा ओढ.
तिच्या चाळीस झाल्या तेव्हा माझी एक,
तीही तिरकी.
दुसरीच्या मानेला सुरकुती पडली,
नव्या नवरीच्या हातातल्या चपातीसारखी.
तिसरी मात्र सरळ.
तळहातावर घेतली. गार होती एवढ्या उन्हात,
आणि ओल्या शेंगेसारखी भरलेली.
अम्माला दाखवली.
तिनं हात लावला नाही, नुसती बघितली,
"तोंड नीट मिटलंय," म्हणाली.

दहा झाल्या. ओळीनं उभ्या केल्या.
मग डबीतली उरलेली दारू तोलली,
वहीतल्या आकड्याशी लावली.
कमी.
एका मापाएवढी कमी.
पुन्हा तोलली. श्वास धरून तोलली. तेवढीच.

म्हणजे कुठल्या तरी एकीत दोनदा गेली.
कुठल्या?
दहाही सारख्याच चमकतात.

सुभेदारांना फोन लावला.
"शोधत बसू नको," ते म्हणाले, "दहाही फोड."
"पण नऊ बरोबर असतील, सर."
"तू गाल टेकून निजतेस त्या बंदुकीला, पोरी."
आणि ठेवून दिला.

अम्मानं सुपातून मान वर केली.
"छाट?"
एवढंच.
कारखान्यात चेकर मूठ घालायचा तिच्या हजारात,
न बघता काढायचा, बाजूला टाकायचा,
मजुरीतून तेवढं वजा.
"मी त्याच्या तोंडाकडं बघायची नाही," ती म्हणाली,
"हाताकडं बघायची.
बघून बघून कळायला लागलं काय काढतोय."

ठोकून ठोकून दहाही उघडल्या.
एकेकीतली दारू वेगळी तोलली.
बरोबर. बरोबर. बरोबर.
दहाव्वीसुद्धा बरोबर.

मग ते एक माप गेलं कुठं?
सतरंजीत? फरशीच्या फटीत? माझ्या ओढणीच्या काठाला?
अम्मानं सूप भिंतीला लावलं,
ओलं फडकं घेतलं,
आणि उंबऱ्यापासून देव्हाऱ्यापर्यंत
गुडघ्यांवर फरशी पुसत गेली.
मी तिच्या मागून, दुसरं फडकं घेऊन.
पाणी दोनदा बदललं.
फडक्यात काळं दिसलं,
पण तंबाखूची धूळही काळीच.

सांज झाली.
"दिवा?" मी विचारलं.
"आज राहू दे. देव कुठं जातोय."
गॅसही नाही पेटवला.
कालची कडक भाकरी, शेंगाचटणी,
बल्बच्या उजेडात, बोलणं फारसं नाही.

"उद्या दिवसाउजेडी बस," ती म्हणाली, "आणि दहाच्या जागी पाच भर."
सुरकुतलेली ती पुंगळी तिनं मागून घेतली,
दिव्याजवळ नेली नाही, खिडकीजवळ नेली,
आत फुंकर मारली,
आणि तिच्यात आपल्या सुया ठेवल्या.